सहीपुरता नवरा

माझ्या सिझरच्या संमतिपत्रावर नवऱ्याची सही आहे. अगदी नेटकी सही. तो बँकेत आहे, सहीखाली तारीख आणि वेळ घालायची त्याला सवय आहे. त्यामुळे खाली स्वच्छ अक्षरात लिहिलंय : २१/५/२०२०, पहाटे ३.१०. तिच्या वर माझी सही आहे. ती माझीच आहे हे मलाही पटकन ओळखता येत नाही. दोन कळांच्या मधल्या वेळात, कुणीतरी समोर धरलेल्या पॅडवर, आडवं पडून केलेली सही आहे ती.

त्याने सही केली तेव्हा तो माझ्यापासून तीन मजले खाली, रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून उभा होता. वर यायची त्याला परवानगी नव्हती. त्याच्या सहीला होती.

गेल्या महिन्यात घर बदलताना ती फाईल पुन्हा हातात आली. मुलगी आता पाच वर्षांची आहे. फाईल उघडून बसलो आणि खोक्यांच्या मधे, अर्धवट गुंडाळलेल्या भांड्यांच्या पसाऱ्यात, त्या रात्रीबद्दल पहिल्यांदा नीट बोललो. पाच वर्षं लागली त्याला. ती का लागली, याचा विचार करताना हे लिहिते आहे.

*

२२ मार्चला जनता कर्फ्यू लागला तेव्हा माझा सातवा महिना संपत आला होता. त्याआधी आम्ही दोन शनिवार एका वर्गाला जाऊन आलो होतो. दहा-बारा जोडपी गोल करून बसायची, नवऱ्यांच्या हातात टेनिसचे चेंडू. कळ आली की बायकोच्या कमरेवर चेंडू कुठे आणि किती जोराने फिरवायचा, श्वास कसा मोजायचा, ती ओरडली तर घाबरायचं नाही, ती म्हणाली ‘हात लावू नकोस’ तर लावायचा नाही, असं सगळं तिथे शिकवायचे. नवरा हे सगळं वहीत लिहून घ्यायचा. मी हसायचे त्याला. तिसरा शनिवार आलाच नाही. डोहाळजेवणाची हिरवी साडी पिशवीतून बाहेरही निघाली नाही.

बँका अत्यावश्यक सेवेत होत्या. तो रोज जायचा, काचेआड बसायचा, घरी आला की थेट मोरीत. कपडे गरम पाण्यात. तेव्हा कुणालाच काही धड माहीत नव्हतं; गरोदर बाईला हा आजार झाला तर काय, यावर दर आठवड्याला वेगळं वाचायला मिळायचं. म्हणून तो हॉलमध्ये झोपायला लागला. टेनिसचा चेंडू खिडकीत पडून होता. अंतर आमच्या घरात रुग्णालयाच्या आधीच आलं होतं, हे आज लक्षात येतं.

माझं माहेर कोल्हापूर. रीतीने मी सातव्यातच तिकडे जायची. ते नाही, तर निदान आईने पुण्याला यायचं, असं ठरलं. दुसऱ्या जिल्ह्यात जायला पोलिसांचा ई-पास लागायचा. तो दोनदा नाकारला गेला. तिसऱ्यांदा अर्ज करायच्या आधी आम्हीच विचार केला : बाबा सत्तरीचे, साखर असलेले, पुण्याहून परतल्यावर आईला विलगीकरणात जावं लागणार, आणि ती इथून काही घेऊन गेली तर? आईनेच फोनवर सांगितलं, “राहू दे गं. जावई आहेत ना.”

सगळा भार त्या एका वाक्यावर होता. जावई आहेत ना.

*

त्या काळातला नियम असा होता : हॉटस्पॉट भागातल्या आणि पाच दिवसांत प्रसूती अपेक्षित असलेल्या बाईची, तिला लक्षणं नसली तरी, तपासणी करायची. आयसीएमआरने एप्रिलमध्ये तशी सूचना काढली होती आणि पुण्याचा मोठा भाग तेव्हा लाल रंगातच होता. २० तारखेला, बुधवारी सकाळी, माझा स्वॅब घेतला. रिपोर्ट यायला दीड दिवस लागेल म्हणाले. डॉक्टर म्हणाल्या, अजून आठवडा आहे, आरामात येईल. रात्री साडेआठला माझं पाणी गेलं.

संध्याकाळी सात ते सकाळी सात संचारबंदी होती. रस्ते इतके मोकळे की गाडीच्या दिव्यांत फक्त कुत्री दिसायची. दोन ठिकाणी बॅरिकेड्स होते. दुसऱ्या ठिकाणी हवालदाराने आत वाकून माझ्याकडे पाहिलं, फाईलही न बघता बॅरिकेड बाजूला ओढला आणि म्हणाला, “जा ताई, नीट जा.” त्या रात्री पूर्ण चेहऱ्याने माझ्याशी बोललेला तो शेवटचा परका माणूस. त्याचा मास्क हनुवटीवर होता.

रुग्णालयाच्या दारात टेबल टाकलं होतं. कपाळावर तापमापकाची बंदूक, हातावर सॅनिटायझर, एक छापील कागद. ‘रिपोर्ट आलाय का?’ नाही. ‘मग पेशंट एकटीच आत.’ रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर एक माणूस सोबत ठेवता येत होता, तोही एकदा आत गेला की डिस्चार्जपर्यंत बाहेर न पडण्याच्या अटीवर. रिपोर्ट नसेल तर तुम्ही संशयित. संशयितासोबत कोणी नाही. दाराशेजारी पाटी होती : ‘व्हिजिटर्सना प्रवेश बंद.’

नवऱ्याने वाद घातला नाही. वाद घालणाऱ्यांपैकी तो नाहीच. त्याने एवढंच विचारलं, “मी व्हिजिटर आहे का?” टेबलामागची मुलगी बावीस-तेवीसची असेल. फेसशील्डच्या आत तिच्या कपाळावर घामाचे थेंब दिसत होते. म्हणाली, “सर, मलाही घरी जायचंय हो सकाळी.” ती उद्धटपणे बोलली नव्हती. घाबरली होती. तिच्या घरी कोण होतं ते आम्ही विचारलं नाही.

त्याने बॅग माझ्या हातात दिली. वहीतली पानं फाडून माझ्या कुर्त्याच्या खिशात घातली. मला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि लिफ्टचं दार बंद झालं. निरोप घ्यायचं राहिलंच. दोघांनाही वाटलं होतं, काहीतरी मार्ग निघेल.

*

मला तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं. आत येणारं प्रत्येक माणूस पांढऱ्या पीपीई किटमध्ये. कोण डॉक्टर, कोण सिस्टर, कोण मावशी हे पाठीवर मार्करने लिहिलेल्या नावावरून कळायचं, पण पाठ दिसायची ती माणूस बाहेर जाताना. चष्म्यांवर वाफ धरलेली. आवाज दोन मास्कमधून यायचा, त्यामुळे सगळेच लांबून बोलल्यासारखे वाटायचे.

सुरुवातीला फोन जवळ होता. १.२० ला मी त्याला लिहिलं, “चार सेमी.” त्याने लिहिलं, “मी इथेच आहे.” मग फोन पिशवीत घालून बाजूला ठेवला गेला.

मावशी होत्या. त्यांचं नाव त्यांच्या पाठीवर नव्हतं, नुसतं ‘मावशी’ लिहिलेलं. पर्वतीच्या पायथ्याहून त्या चालत यायच्या, बस बंद होत्या म्हणून. घरी गेल्यावर गॅलरीत झोपायच्या, नातवंडांना जवळ येऊ द्यायच्या नाहीत. हे त्यांनी दोन कळांच्या मधे सांगितलं, माझं लक्ष दुसरीकडे न्यायला. दोन-दोन हातमोजे घातलेले हात त्यांनी माझ्या कमरेवर दाबून धरले. टेनिसच्या चेंडूची गरज नाही हे तेव्हा कळलं. “कळ आली की मला सांगू नको, मला कळतंय. तू फक्त दात आवळू नको,” म्हणायच्या. मी विचारलं, तुमच्या वेळी कोण होतं? म्हणाल्या, “पहिल्या दोघांना आई होती. तिसऱ्याला कोण न्हवतं. आपलं आपणच.”

तीनच्या सुमाराला खोलीतला आवाज बदलला. बाळाचे ठोके कमी होत होते. पाण्याचा रंग हिरवट आला होता. बाळाने आतच शी केली होती. डॉक्टरांनी माझ्याजवळ येऊन मोठ्याने, सावकाश सांगितलं की सिझर करावं लागेल असं दिसतंय, तयारी करू. पॅड समोर आला, मी सही केली. मग कुणीतरी म्हणालं, “नवऱ्याची पण लागेल.” एक पांढरी आकृती कागद घेऊन खाली गेली.

मला आठवतंय, त्याही अवस्थेत मला हसू आलं होतं. म्हणजे चालतो तर. माणूस चालत नाही, सही चालते.

*

हे मी नंतर वाचलं : कायद्याने ती सही लागतच नव्हती. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती तिने स्वतःच द्यायची असते. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच हे स्वच्छ सांगितलंय. तिथे रुग्ण भूल घेऊन झोपलेली असताना तिच्या आईची संमती घेतली होती, आणि ती पुरेशी नाही असं न्यायालय म्हणालं. तरीही आपल्याकडे बाईच्या पोटावर सुरी चालवायची तर नवऱ्याची किंवा नातेवाइकाची सही घेतातच. उद्या कुणी भांडायला येऊ नये म्हणून. भांडणारी माणसं येतात आणि तोडफोड करतात हेही खरं आहे, त्यामुळे डॉक्टरांना मी एकतर्फी दोष देत नाही.

पण नवरा नेमका कशासाठी लागतो, याचं उत्तर त्या रात्री त्या इमारतीने दिलं होतं. डिपॉझिट भरायला लागतो. औषधं आणायला लागतो. सही करायला लागतो. बाकी तो व्हिजिटर.

हे उत्तर साथीने शोधलेलं नाही. माझा जन्म १९८९ चा, निपाणीचा, आईच्या माहेरचा. बाबा तेव्हा कोल्हापुरात. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, ते दुसऱ्या दिवशी एसटीने आले, मला लांबून पाहिलं, पेढे वाटले आणि रात्रीच्या गाडीने परत गेले. नंतर आले ते बारशाला. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, आईलाही नाही. कारण आत आजी होती, मोठी मावशी होती, शेजारच्या काकू होत्या. आई म्हणते, “इतक्या बायका होत्या की मला ओरडायला लाज वाटली.”

जुन्या पद्धतीत नवरा नव्हता, पण बायका होत्या. मग घरं लहान झाली, माहेरं लांब गेली, आया नोकरी करू लागल्या. त्या बायकांच्या रिकाम्या जागेवर हळूहळू नवरा आला. तोही सगळीकडे नाही. पैसे भरून स्वतंत्र खोली घेता येणाऱ्यांकडे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिगृहांत बाईसोबत एक सोबतीण असावी अशा मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा ती स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई असावी, आणि आडोशाची सोय असेल तिथे नवरा चालेल, असं म्हटलं. ज्या मोठ्या खोलीत एकाला लागून एक खाटा असतात तिथे दुसरीच्या नवऱ्याला कोण आत घेणार? म्हणजे मला ज्याचं एवढं दुःख झालं ते या देशातल्या बहुतेक बायकांना कधी मिळालेलंच नव्हतं. मावशींना मिळालं नव्हतं. हे कळलं म्हणून दुःख कमी झालं नाही. पण त्याची जागा कळली.

२०२० मध्ये दोन्ही गोष्टी एकदम गेल्या. बायकाही नाहीत आणि नवराही नाही. आणि हे पुण्यातच झालं असं नाही. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कमधल्या काही मोठ्या रुग्णालयांनी प्रसूतीच्या खोलीत कुणालाच सोबत येऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. त्यावर एवढा गदारोळ झाला की महिना संपायच्या आत राज्याच्या गव्हर्नरना ते फिरवणारा आदेश काढावा लागला. इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी कळा पुरत्या सुरू झाल्यावरच जोडीदाराला आत घ्यायचे आणि बाळ झाल्यावर थोड्या वेळात घरी पाठवायचे. जागतिक आरोग्य संघटना मात्र साथीतही सांगत राहिली की बाईने निवडलेलं माणूस तिच्याजवळ असू द्या. त्याला आधार होता. बाळंतपणात शेवटपर्यंत सोबत मिळाल्याने काय होतं, यावरचे १७ देशांतले २६ प्रयोग एकत्र करून केलेला एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. पंधरा हजारांहून जास्त बायका होत्या त्यात. सोबत मिळालेल्या बायकांची सिझर्स कमी झाली होती, कळांचा काळही थोडा कमी झाला होता आणि बाळंतपणाबद्दल कडवटपणाही कमी राहिला होता.

शेवटचा मुद्दा वाचून मी थांबले होते. म्हणजे तो मोजता येतो तर.

*

सिझर झालंच नाही. कागद वर येईपर्यंत पाच-सात मिनिटं गेली असतील. तेवढ्यात डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, डोकं खाली आलं होतं. व्हॅक्यूम लावून बघू म्हणाल्या. मावशी माझ्या कानाशी येऊन “आता जोर कर, आता, आता” म्हणत राहिल्या आणि ३.४६ ला मुलगी झाली. नवऱ्याची सही वापरलीच गेली नाही.

ती रडली नाही.

किती वेळ रडली नाही हे मला सांगता येणार नाही. फाईलमध्ये ‘एक मिनिटाच्या आत’ अशा अर्थाचं काहीतरी आहे. त्या वेळात सगळे तिच्याभोवती गोळा झाले आणि मी कुणाचा तरी चेहरा शोधत होते. एरवी आपण असंच करतो ना? विमान हललं की हवाईसुंदरीच्या चेहऱ्याकडे बघतो. डॉक्टर रिपोर्ट वाचत असतात तेव्हा त्यांच्या भुवयांकडे बघतो. त्या खोलीत सहा माणसं होती आणि एकही चेहरा नव्हता. वाफ धरलेल्या काचा होत्या. मावशींनी माझा हात धरला होता, पण त्याही तिकडेच बघत होत्या. मग मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्याचा सेकंदकाटा लाल होता.

नवरा तिथे असता तर त्याने काय केलं असतं? काहीही नाही. त्याला ठोके कळत नाहीत, व्हॅक्यूम कळत नाही, रक्त बघून त्याला घेरी येते. पण माझ्याइतकंच घाबरलेलं एक माणूस तिथे असतं. तेवढंच हवं होतं.

मग ती रडली. मला लांबून दाखवली आणि निरीक्षणासाठी नेली. रिपोर्ट येईपर्यंत माझ्याजवळ देणार नव्हते. मी तिला पाच-सहा सेकंद पाहिली. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला आला, निगेटिव्ह. साडेसातला नवरा वर आला आणि दहा मिनिटांनी सिस्टर मुलीला घेऊन आल्या. आमच्या दोघांच्या हातात ती एकाच वेळी आली. जवळजवळ सोळा तासांची होती तोवर.

*

पुढचे तीन महिने त्याने जे केलं त्याला तोड नाही, हे मी इथे लिहून ठेवते. मालिशवाली बाई नाही, आई नाही, सासूबाई नागपुरात अडकलेल्या. कोल्हापूरहून आई व्हिडिओ कॉलवर सूचना द्यायची आणि हा फोन फ्रिजवर टेकवून आळिवाची खीर करायचा. पहिली खीर चमच्याने कापावी लागली. डिंक तळताना तूप भडकून त्याची भुवई जळाली. शेक, धुरी, ओव्याचं पाणी, रात्रीचे लंगोट, सगळं.

आणि तरीही तो फोनवर कुणाला सांगायला लागला, “आम्ही तर सिझरच्या तयारीत होतो, पण ऐन वेळी आमचं नॉर्मल झालं,” की माझ्या पोटात काहीतरी आवळायचं. एकदा, मुलगी तीन महिन्यांची असेल, त्याने फोन ठेवल्यावर मी म्हणाले, “आमचं नाही. माझं. तू नव्हतास.”

“मला येऊ दिलं नाही.”

“म्हणून तू होतास असं होत नाही.”

तो काही बोलला नाही. लंगोट वाळत घालायला गेला. त्यानंतर त्याने त्या रात्रीबद्दल कधी कुणाला काही सांगितलं नाही. कुणी विचारलं तर माझ्याकडे बघायचा, मी ठरलेली गोष्ट सांगायचे : हवालदार, पीपीई, खाली गेलेला कागद, न वापरलेली सही. लोक हसायचे. लाल सेकंदकाट्याबद्दल मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही. तो नव्हता तर त्याला का सांगायचं, असं काहीसं होतं मनात. नियमाने एका रात्रीसाठी त्याला बाहेर ठेवलं. पुढची पाच वर्षं मी ठेवलं.

*

तर गेल्या महिन्यात ती फाईल. त्याने स्वतःच्या सहीखालची वेळ वाचली आणि म्हणाला, “म्हणजे मी सही केल्यावर ३६ मिनिटांत झाली ती.” मग मोबाइलमध्ये काहीतरी शोधलं. जुन्या फोनवरून आणलेले मेसेज होते. ४.३५ ला त्याने माझ्या आईला लिहिलं होतं, ‘मुलगी. दोघी बऱ्या आहेत.’

“मला वरून त्याच मिनिटाला फोन आला होता,” तो म्हणाला. “त्याआधी ४९ मिनिटं मी धरून चाललो होतो की तुला कापतायत.”

मी कधी विचारलंच नव्हतं. त्याची रात्र अशी होती : वॅगन-आरची सीट मागे केलेली, काचा खाली, डास. आतलं स्वच्छतागृह बाहेरच्यांना बंद, त्यामुळे पाणी प्यायचं नाही असं ठरवलेलं. वॉचमन मोबाइलवर बातम्या लावून बसला होता. त्याच संध्याकाळी अम्फान वादळ बंगालच्या किनाऱ्यावर धडकलं होतं, कोलकात्यातली पडलेली झाडं पुन्हा पुन्हा दाखवत होते. वॉचमनने थर्मासच्या झाकणात चहा ओतून तो भिंतीवर ठेवला आणि सहा पावलं मागे गेला, मग हा पुढे जाऊन प्यायला. तीन वाजून गेल्यावर वॉर्डबॉय किटमध्ये खाली आला, कागद बॉनेटवर ठेवला, पेन ठेवलं आणि मागे सरकला. याने विचारलं, “ती कशी आहे?” तो म्हणाला, “मला माहीत नाही सर, मला फक्त कागद दिलाय.” याने सगळा फॉर्म वाचून काढला. बँकेतली सवय. त्यात भुलेने काय काय होऊ शकतं ते सगळं लिहिलेलं असतं. मग सही केली. पेन परत द्यायला गेला तर वॉर्डबॉय म्हणाला, राहू द्या तुमच्याकडेच.

“आणि मग,” तो म्हणाला, “हसू नकोस. पावणेचारच्या सुमाराला मला बाळ रडलेलं ऐकू आलं. वरून. मी वॉचमनला म्हणालो, माझं बाळ. तो म्हणाला, अभिनंदन साहेब.”

मी हसले नाही. मी त्याला सांगितलं की आपली लगेच रडली नव्हती. सांगायला सुरुवात केली आणि मग सगळंच सांगितलं. घड्याळ, काचा, सहा माणसं, लाल काटा. कोपऱ्यातल्या त्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या आणि ती दुसऱ्या बाजूला उघडत होती हेही सांगितलं. ती रडली तेही बारीक, मांजरीच्या पिल्लासारखं. खाली पार्किंगपर्यंत ते जाणं शक्य नव्हतं.

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मग ते कुणाचं होतं?”

त्या रात्री त्या इमारतीत आणखीही बायका होत्या. त्यांतल्या कुणाचंतरी. तिच्याही नवऱ्याला कदाचित कुठेतरी बाहेर ठेवलं असेल आणि आपल्या मुलाचा आवाज त्याला ऐकू गेला नसेल.

“तू घड्याळाकडे बघत होतीस तेव्हा,” त्याने विचारलं, “मी तिथे असतो तर तुला बरं वाटलं असतं?”

“नाही. तुलाही तेवढीच भीती वाटली असती.”

“मला इथेही वाटतच होती.”

हे मला पाच वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. भीती दोन मजल्यांवर सारखीच होती. फक्त आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते.

नको असलेले कागद आम्ही एका पिशवीत टाकत होतो, जुनी बिलं, वॉरंटी कार्डं, सोसायटीच्या पावत्या. मी ते संमतिपत्र पिशवीकडे नेलं. न झालेल्या ऑपरेशनचा कागद, ठेवून काय करायचंय? त्याने तो माझ्या हातातून घेतला, घडी सरळ केली आणि परत फाईलमध्ये लावला.

“राहू दे,” म्हणाला. “त्या रात्रीचं माझ्याकडे तेवढंच आहे.”